दोर धरणारा

अकादमीत मी मागच्या दारानं शिरतो.
पुढचं दार जड, ते पाहुण्यांसाठी.
ओव्हरकोट, स्वेटर, बनियन, मोजे
पडद्यामागच्या खुंटीला लावतो
आणि सहासष्ट वर्षांचा देह घेऊन
चौथऱ्यावर चढतो.

हातात दोर. तो छतातून लोंबतो,
वर कुठे बांधलाय ते वीस वर्षांत मला दिसलेलं नाही.
उजवा हात वर, भार डाव्या पायावर,
मान खिडकीकडे. पंचेचाळीस मिनिटं.
खिडकी उत्तरेची. नोव्हेंबरात तिच्यातून येणारा उजेड
दह्याच्या निवळीसारखा,
तोही तीनच्या सुमारास संपतो.

पायाशी विजेची शेगडी.
डावी पोटरी भाजते, उजवी गारठते.
रोदिओन गाव्रीलिच वर्गातून फिरत म्हणतात,
"आधी हाड शोधा. कातडीचं नंतर बघू."
अठरा पेन्सिली माझ्यात हाड शोधू लागतात.
जिन्याखाली उंदीर कुरतडावेत
तसा आवाज.

मी गोदीत वेल्डर होतो, याच बेटाच्या त्या टोकाला.
माझ्या सांध्यांचं एखादं जहाज अजून तरंगत असेल,
नाहीतर गेलं असेल भंगारात.
दंडावर तेव्हाचा डाग आहे, कोपेकच्या नाण्याएवढा.
सगळे तो वगळतात.
अग्निया म्हणून एक पोरगी, पेर्मची, सदा शिंकणारी,
तिनं तो काढला.
सर तिच्या पाठीमागे थांबले. बराच वेळ.
मग काही न बोलता पुढे गेले.

जानेवारीत गोल अंगणाखालच्या तळघरात नळ फुटला.
जो तो धावला कागद वाचवायला,
मीही, अंगावर नुसता झगा.
लांब टेबलांवर आम्ही ते वाळत घातले,
दीडशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांची चित्रं.
बघतो तर काय, सगळीकडे मीच!
हात वर, दोर, भार डाव्या पायावर.
एकाला दाढी. एकाचं पोट सुटलेलं.
एकाच्या पाठीवर वळ, चाबकाचे असावेत,
काढणाऱ्यानं ते काढून मग अर्धवट खोडलेले.
कोपऱ्यात विद्यार्थ्याचं नाव, साल,
रौप्यपदक, लाखेचा शिक्का.
दोर धरणाऱ्याचं नाव
कुठेच नाही.

मला राग नाही आला. खरं सांगतो,
त्या इमारतीत पहिल्यांदाच
माझ्या बरोबरीचं कुणी भेटलं.
पाठीवर वळ असलेल्याची पावलं भिजली होती,
ती मी रुमालानं टिपली.
जरा जास्तच वेळ.

सुटल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर जातो.
नेवा गोठलेली, तिच्यावर कुत्र्याच्या पावलांची
एकच ओळ, पलीकडे गेलेली.
दोन स्फिंक्स समोरासमोर,
ईजिप्तहून आणलेले, दाढ्या तुटलेल्या, पंजांवर बर्फ.
आम्ही एकाच धंद्यातले.
त्यांना मधली सुट्टी नाही, एवढंच.
थर्मास उघडतो
आणि पहिली वाफ त्यांच्याकडे जाऊ देतो.

मार्चमध्ये परीक्षेची चित्रं भिंतीला लागली.
अग्नियाच्या कागदावर, तिच्या सहीशेजारी,
मुंगीएवढ्या अक्षरांत:
"लुक्यान तिमोफेयेविच, वेल्डर."

मी तेरेंत्येविच.
माझा बाप तेरेंती. त्याला लिहिता येत नव्हतं,
पण आपलं नाव छापलेलं दिसलं
की बोटानं गिरवायचा.
रबर मागावंसं वाटलं.
तेवढ्यात ती शिंकली, नाक पुसत म्हणाली,
"गुडघा जमलाय का हो?"

गुडघा जमला नव्हता.
"जमलाय," म्हटलं,
आणि कपडे काढायला पडद्यामागे गेलो.
शेगडी त्या दिवशी बंद होती.